आखाजीचे तीन अर्थ : खानदेशी साहित्यातील जमीन, घर आणि माणूस

खानदेशातून मराठी साहित्यात आलेल्या माणसांची नावे एका ओळीत मांडून पाहिली, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. 'कोसला'चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर. त्याच्या आडनावातच त्याचे गाव आहे. 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) ह्या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील. तापी आणि पूर्णा ह्यांच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे, आणि पाटील हे तर उघडच वतनाचे नाव. बहिणाबाईंचे माहेरचे आडनाव महाजन आणि सासरचे चौधरी. दोन्ही आडनावे जुन्या गावगाड्यातील अधिकारपदांवरून आलेली, आणि दोन्ही पुरुषांकडून मिळालेली. ह्या ओळीच्या शेवटी 'गोधड' (१९८७) ह्या संग्रहाचे कवी वाहरू सोनवणे ह्यांचे नाव ठेवावे. वाहरू हे भिल्ल घरातले नाव. त्याला कोणत्याही वतनाचा वास नाही.

नावांची ही ओळ केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, असे आम्हांला वाटते. जमिनीशी माणसाचे नाते कोणते, त्यावर घरातले त्याचे स्थान ठरते. आणि घरातल्या स्थानावर तो गावाचा किती व गाव त्याचे किती हे ठरते. साहित्यातले पात्र ह्या तीन नात्यांच्या बेरजेतून आपोआप तयार होत नाही हे खरे, पण त्याच्या हालचालींना जागा किती आहे ते ह्याच नात्यांनी आखून दिलेले असते. ही आखणी खानदेशात कशी झाली, आणि इथल्या लेखनात ती कशी उमटली, ह्याचा थोडा शोध इथे घेऊ.

आपल्या जुन्या भाषेत गावाचे दोन भाग असत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. काळीत ज्याचा वाटा त्याला पांढरीत मान, असा सर्वसाधारण न्याय होता. त्रिंबक नारायण अत्रे ह्यांनी 'गाव-गाडा' (१९१५) मध्ये ह्या रचनेचे जे बारकाईने वर्णन केले, ते वाचताना लक्षात येते की जमीन ही तेव्हा वस्तू नव्हती. हक्क, मान आणि कर्तव्य ह्यांची ती एक गुंतवळ होती. धुळ्याला १९२६ मध्ये वि. का. राजवाडे ह्यांचे निधन झाले आणि त्यांच्या संग्रहासाठी पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाड्यांनी आयुष्यभर गावोगावच्या घरांतून जे रुमाल आणि दफ्तरे गोळा केली, त्यांत वतनाच्या भांडणांचे कागद मुबलक आहेत. कोण वडील घराण्याचा, कोणाचा मान पहिला, कोणाची शीव कुठपर्यंत, ह्यांवरून माणसे पिढ्यानुपिढ्या भांडत होती. जमिनीचा वाद हा मुळात 'मी कोण' ह्याचाच वाद होता. मात्र ह्या वादांत वादी आणि प्रतिवादी म्हणून उभे राहतात ते बहुतेक पुरुष, आणि तेही वतनदार. लेकी, सुना, राबणारे गडी आणि डोंगरातले भिल्ल ह्यांना त्या कागदांत स्वतःच्या तोंडाने बोलण्याची संधी क्वचितच मिळते.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. सातपुड्यातील आणि सातमाळ्यातील भिल्लांना आवरण्यासाठी १८२५ मध्ये जेम्स आउट्रम ह्याने भिल्ल पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावला होते. त्याच धरणगावात पुढे १८९० मध्ये बालकवी जन्मले. १८५२ मध्ये जमिनीची मोजणी सुरू झाली, तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल ह्या भागांतील शेतकऱ्यांनी तिला एकजुटीने विरोध केला, आणि तो लष्कर आणून मोडावा लागला. हा विरोध केवळ सारा वाढेल ह्या भीतीचा होता असे म्हणणे अपुरे ठरेल. रयतवारी मोजणीने शेताला क्रमांक दिला आणि त्या क्रमांकासमोर एका माणसाचे नाव लिहिले. नाव लिहिले की शेत गहाण ठेवता येते, विकता येते, लिलावात काढता येते. पुढे रेल्वे आली, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाला सोन्याचा भाव आला, जळगावची कापूसपेठ भरभराटली. पैसा आला तसे कर्जही आले. काळीची गुंतवळ सुटत गेली आणि तिच्या जागी उतारा आला.

उताऱ्यावर नाव असणे आणि नसणे, ही खानदेशातील माणसांची नवी विभागणी होती. तिची चव घ्यायची असेल तर आखाजीच्या सणाकडे पाहावे. अक्षय तृतीयेला आपल्याकडे आखाजी म्हणतात, आणि दिवाळीच्या तोलाचा हा सण आहे. त्या दिवशी घरोघरी पितरांसाठी घागर भरतात. तिच्यावर डांगर आणि सांजोरी ठेवतात. म्हणजे ज्यांनी जमीन राखली त्यांची आठवण होते. त्याच दिवसांत सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. म्हणजे ज्यांना ह्या जमिनीत वाटा नाही त्या घरच्या मुली चार दिवस पुन्हा घरच्या होतात. आणि त्याच दिवशी सालदाराचे साल संपते. त्याचा हिशोब होतो, उचल वळती होते, आणि तो त्याच मालकाकडे राहायचे की दुसऱ्याचे शेत धरायचे हे ठरते. म्हणजे जो ह्या जमिनीत वर्षभर राबला तो त्या दिवशी कोणाचाच नसतो. एकाच तिथीला पूर्वज, लेक आणि सालदार असे तिघेही उंबऱ्याशी येतात. तिघांचेही जमिनीशी नाते आहे, पण तिघांची आखाजी एक नाही. खानदेशी साहित्याचे तीन मोठे स्वर ह्या तिघांशी जुळतात, असे आमचे म्हणणे आहे.

आधी लेकीचा स्वर घेऊ. बहिणाबाईंचा जन्म १८८० चा, असोद्याचा. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरीवाड्यात आल्या. तिशीच्या आसपास वैधव्य आले. लिहिता-वाचता येत नसल्याने त्यांची गाणी जात्यावर आणि शेतात जन्मली; जी उरली ती मुलगा सोपानदेव आणि भाचा पितांबर ह्यांनी टिपून ठेवली म्हणून. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या, आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे ह्यांच्या पुढाकाराने 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. ही कहाणी आपण सगळेच वर्गात सांगतो. त्यानंतर 'निसर्गकन्या' हा शब्द फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. ह्या शब्दावर आमचा आक्षेप आहे.

निसर्ग म्हणजे पाहण्याची गोष्ट. बालकवींना निसर्ग दिसतो. बहिणाबाईंना शेत दिसते, आणि शेत ही कामाची गोष्ट आहे. पेरणी, कापणी, मोट, घरोट, खळे असे विषय त्यांच्या गाण्यांत क्रमाने येतात; तो शेतीच्या वर्षाचा क्रम आहे. आजच्या उताऱ्याच्या भाषेत बोलायचे तर गाव नमुना सात हा हक्काचा आणि नमुना बारा हा पिकाचा. बहिणाबाईंच्या कवितेत नमुना बारा सगळा आहे : कोणत्या महिन्यात काय पेरले, पाऊस कसा पडला, दाणा कसा भरला. नमुना सात मात्र कुठेच नाही. जमीन माझी आहे, असे ही कविता सहसा म्हणत नाही. आपण जमिनीच्या आहोत, असे ती पुनःपुन्हा सुचवते. हे केवळ आध्यात्मिक औदार्य नव्हे. हिंदू एकत्र कुटुंबातील विधवेला त्या काळी पोटगीपलीकडे हक्क नव्हता. १९३७ च्या कायद्याने विधवेला पतीच्या हिश्श्यात हयातीपुरता हक्क दिला; पण कायद्याआधी ज्यांचे पती वारले त्यांना त्याचा उपयोग नव्हता. पूर्ण मालकीचा कायदा आला तो १९५६ मध्ये, बहिणाबाई गेल्यानंतर. ज्या बाईला मालकीची भाषाच उपलब्ध नव्हती तिने नात्याची भाषा घडवली. त्यांच्या कवितेतील 'मी' एवढा विस्तीर्ण आहे, ह्याचे एक कारण तो कोणत्याही शिवेत बांधलेला नाही, हे असावे.

माहेरावरची त्यांची कविता ह्या दृष्टीने वाचून पाहावी. माहेराचे गुण गाणाऱ्या सासुरवाशिणीला एक योगी विचारतो की माहेर जर एवढे थोर, तर तू सासरी आलीसच कशाला? ती जे उत्तर देते त्याचा मथितार्थ असा की आई सासरी नांदते ती लेकीला माहेर असावे म्हणून. हे उत्तर ऐकून वर्गात डोळे पाणावतात, आणि ते स्वाभाविक आहे. पण त्यात एक कठोर गणितही आहे. पुरुषाची परंपरा बापाकडून मुलाकडे जमिनीतून जाते. बाईची परंपरा आईकडून लेकीकडे अशा घरातून जाते, जे दोघींपैकी कोणाचेही नाही. एकीने परक्या घरात रुजावे तेव्हा दुसरीला परतायला जागा मिळते. बाईच्या आपलेपणाची एवढी नेमकी व्याख्या मराठीत दुसरी आम्हांला आढळलेली नाही.

आणि ती व्याख्या अजून जुनी झालेली नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, आणि केंद्राने २००५ मध्ये, मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला. कायदा बदलला, तसा गावोगावी हक्कसोडपत्राचा कागदही वाढला. बहिणी तलाठ्यासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर सही करून आपला वाटा भावाला सोडतात. त्या का सोडतात, ह्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. ते त्या योग्याला दिलेल्या उत्तराजवळ कुठेतरी आहे. वाटा मागितला तर आखाजीला यायला माहेर राहणार नाही, ही भीती सहीमागे असते. जमीन की माहेर, असा तो सौदा आहे. बहिणाबाईंची कविता शिकवताना हा सौदा आपण बोलत नाही, तेव्हा तिचे माधुर्य उरते आणि तिची धार जाते.

दुसरा स्वर वारसाचा. भालचंद्र नेमाडे ह्यांचा जन्म १९३८ चा, यावल तालुक्यातील सांगवीचा. 'कोसला'तील पांडुरंग पुण्याला शिकायला जातो, पैसे उधळतो, परीक्षेत नापास होतो आणि गावी परततो. ही कादंबरी आली तेव्हा तिच्याकडे प्रामुख्याने तरुणाच्या एकाकीपणाची, अर्थशून्यतेची कहाणी म्हणून पाहिले गेले. तसे पाहणे चूक नाही. पण ते निरर्थकपण शेतकऱ्याच्या मुलाला कसे परवडले, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. पांडुरंगाला पुण्यात हरता येते, कारण त्याच्या मागे सांगवीचे शेत आहे. वडिलांच्या मनीऑर्डरवर तो जगतो आणि त्याच वडिलांचा राग करतो. घर त्याला धरून ठेवते, आणि ते धरून ठेवणेच त्याला सोसत नाही. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूने तो ज्या रीतीने कोसळतो त्यात ह्या घराची सगळी ओढ एकवटली आहे. वडिलांशी असलेले नाते जमिनीचे, म्हणून ते भांडणाचे. मनीशी असलेल्या नात्यात हिशोब नाही, म्हणून तिथे तो निःशस्त्र होतो.

चांगदेव पाटील आमच्याच व्यवसायातला. गावोगावच्या महाविद्यालयांतून शिकवत फिरणारा. बिढार म्हणजे पाठीवरचे बिऱ्हाड. पाटील हे आडनाव घेऊन बिऱ्हाडाने राहणारा हा माणूस स्वातंत्र्यानंतरच्या एका मोठ्या स्थलांतराचा प्रतिनिधी आहे. शेतीतल्या पैशावर शिकलेली, नोकरीत शिरलेली, पण नोकरीच्या गावाला कधीच आपले न म्हणू शकलेली ती पिढी होती. पुढे 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) मध्ये हा वारस खंडेराव होऊन परततो. तो पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. मोहेंजोदारोच्या मातीतून त्याला वडिलांसाठी मोरगावच्या मातीकडे यावे लागते. उत्खनन करणाऱ्याला स्वतःचेच घर थरांथरांनी उकलावे लागते, ही ह्या कादंबरीची मध्यवर्ती कल्पना. वारकरी, महानुभाव, लभाणी, घरातल्या विधवा आत्या, भाऊबंदकी असे सगळे थर त्यात येतात. 'अडगळ' हा शब्द नेमाड्यांनी फार विचाराने योजला आहे. अडगळ ठेवायला घर लागते. ज्याला घर नाही त्याची अडगळ रस्त्यावर पडते आणि कचरा ठरते. देशीवादाची मांडणी करणारा हा लेखक, ज्याला २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, तो मुळांविषयी एवढ्या आत्मविश्वासाने बोलू शकतो ह्यामागे प्रतिभा आहेच. पण ज्या मातीत मुळे जाऊ दिली गेली ती मातीही आहे.

इथे तिसरा स्वर ऐकणे भाग पडते. तापीच्या पश्चिम खोऱ्यात, शहाद्या-तळोद्याच्या परिसरात (हा भाग १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता, त्या दिवशी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला) कर्जापायी भिल्लांच्या जमिनी हातच्या गेल्या आणि तेच भिल्ल त्याच शेतांवर सालदार झाले. १९७१ मधील पाटीलवाडीच्या हिंसक घटनेने हा प्रश्न महाराष्ट्रासमोर आला. अंबरसिंग सुरतवंती ह्यांच्यासारखे आदिवासींतूनच पुढे आलेले नेतृत्व आणि १९७२ ची श्रमिक संघटना ह्यांनी गेलेल्या जमिनी परत मागितल्या. आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा १९७४ चा आहे. वाहरू सोनवणे ह्याच चळवळीचे कार्यकर्ते. त्यांच्या 'गोधड' संग्रहात भिलोरी आणि मराठी शेजारी शेजारी आहेत. त्यांची 'स्टेज' ही कविता सर्वांत प्रसिद्ध. आपल्याच दुःखाविषयी दुसरे कोणी मंचावरून बोलत राहतात आणि दुःखाचे धनी खाली बसून ऐकतात, असा तिचा आशय आहे. आम्ही तिच्याकडे जमिनीची कविता म्हणूनही पाहतो. आधी शेत गेले, मग शेताविषयी बोलण्याची जागाही गेली. दुसरे हरण पहिल्याचेच पुढचे पाऊल होते.

वाहरूंच्या संग्रहाचे नाव गोधड आहे, हेही लक्षात घ्यावे. खंडेरावाची अडगळ घरात साठते. गोधडी मात्र फाटक्या तुकड्यांची असते आणि ती खांद्यावर टाकून कुठेही नेता येते. आखाजीला मालक बदलणाऱ्या माणसाची परंपरा एवढीच असू शकते, आणि तरी ती ऊब देते. वारसाच्या कादंबरीत सालदार असतो, पण बहुधा शेताच्या बांधावर. त्याच्या घरात दिवेलागणीला काय होते, हे त्या कादंबरीला क्वचितच दिसते. हा लेखकाचा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. पांढरीतून उभे राहिल्यावर काळी दिसते, काळीपलीकडचा पाडा दिसत नाही; ही दृष्टीची मर्यादा उताऱ्यानेच आखलेली आहे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. अशा वाचनाने साहित्य म्हणजे महसूल खात्याचे दफ्तर होऊन जाईल. पात्राचे स्वातंत्र्य, भाषेचा चमत्कार, हे सारे कुठे जाईल? आक्षेप रास्त आहे. पण भारतीय कादंबरीनेच हा मार्ग फार लवकर दाखवला होता. फकीरमोहन सेनापती ह्यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या उडिया कादंबरीचे नावच 'छ माण आठ गुंठ' आहे. साडेसहा एकरांच्या आतबाहेरचा हा एका तुकड्याचा आकार शीर्षक झाला, आणि त्या तुकड्याभोवती एक संपूर्ण समाज उभा राहिला. त्या कादंबरीचा उपहास जमिनीच्या हिशोबाने कमी झाला नाही. उलट त्यामुळेच तो धारदार झाला. पात्राचे स्वातंत्र्यही त्याला मिळालेल्या जागेच्या मापानेच कळते. बहिणाबाईंनी काय केले हे कळायचे तर त्यांना काय नाकारले गेले होते ते माहीत असायला हवे. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईने आपल्या बोलीत एक अख्खे शिवार नांगरले, हा चमत्कार महसुली सत्य कळल्याने वाढतो.

२०१८ मध्ये आपल्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव मिळाले. कोणत्याही उताऱ्यावर न चढलेले नाव पदवीच्या कागदावर चढले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या पदव्या घेणाऱ्यांत आता ह्या तिन्ही घरांची मुले एका बाकावर बसतात : रावेर-यावलच्या केळीबागायतदाराचा मुलगा, लग्नानंतर हक्कसोडपत्रावर सही करणार असलेली मुलगी, आणि जिच्या आजोबांनी आखाजीला मालक बदलले ती सातपुड्याच्या पाड्यावरची विद्यार्थिनी. आपण तिघांनाही 'ग्रामीण साहित्य' ह्या एकाच प्रकरणात बसवतो आणि त्यांना एकच 'माती' शिकवतो. ती माती तिघांची एक नाही. 'कोसला' शिकवताना मनीऑर्डर कोठून येते ते विचारावे, 'माहेर' शिकवताना वाट्याचे काय झाले ते विचारावे, आणि 'गोधड' हा पुरवणी वाचनातून काढून मुख्य अभ्यासक्रमात आणावा, एवढी आमची मागणी आहे.

वारसाची कादंबरी आपल्याकडे लिहून झाली, आणि थोर लिहून झाली. लेकीचे गाणेही झाले. पण भावाकडे वाटा मागून आखाजीला माहेरी न गेलेल्या बहिणीची कादंबरी आमच्या वाचनात अजून आलेली नाही. सालदाराच्या नातीने त्याच शेताविषयी, आपल्या बोलीत, स्वतःच्या नावाने लिहिलेली कादंबरीही नाही. ह्या दोघीजणी आज आपल्या वर्गांत आहेत. त्यांच्या पुढच्या लेखनात जमीन, घर आणि गाव ह्या शब्दांचे अर्थ वेगळे असणार आहेत, आणि ते अर्थ वाचता येण्याची तयारी आपण शिकवणाऱ्यांनी आतापासून करायला हवी.